फ्रान्समध्ये खरेदी आणि पैसे देणं: नव्याने आलेल्यांसाठी कामापुरतं फ्रेंच

नाशिकहून लियोंला आले तेव्हा माझ्या हाताशी पुण्यातल्या क्लासचं सहा महिन्यांचं फ्रेंच होतं. क्रियापदांची रूपं घडाघडा म्हणता यायची. पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटच्या काउंटरवरच्या मुलीने काहीतरी विचारलं, मी 'वी', म्हणजे 'हो', म्हटलं आणि ती हात पुढे करून थांबली. मीही थांबले. मागे सहा माणसं उभी होती. ती दुकानाचं सवलतीचं कार्ड मागत होती आणि मी 'आहे' असं सांगून बसले होते.

पुढे काही महिने रोज खरेदी केल्यावर लक्षात आलं की काउंटरवरचे प्रश्न ठरलेले असतात आणि ठरलेल्या क्रमानेच येतात. ते कानाला ओळखता आले की आपल्याला बोलावं लागतं फार थोडं. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे इथे आलेले, शिकायला आलेले, मुलांकडे तीन महिने राहायला आलेले आईवडील, अशा सगळ्यांना ही पहिली अडचण सोपी जावी म्हणून हे लिहिते आहे.

आधी उच्चारांबद्दल दोन शब्द

सगळी फ्रेंच वाक्यं देवनागरीत दिली आहेत. काही आवाज आपल्याकडे नाहीत, म्हणून एवढं लक्षात ठेवा.

'बोंजूर'मधला 'ज' आपल्या 'जग'मधला नाही की 'जीव'मधलाही नाही. 'श' म्हणा आणि त्याच वेळी घशातून आवाज काढा, तो हा 'ज'. 'झ' लिहिला आहे तिथे 'झरा'मधला 'झ', जरा हलका. 'र' जिभेच्या टोकाने नाही, घशाच्या मागून येतो, गुळण्या करताना येतो तसा. 'दो', 'मस्यो' या शब्दांतला 'ओ' म्हणताना ओठ 'ओ'सारखे गोल ठेवा आणि आतून 'ए' म्हणा. 'द्यु', 'प्ल्यू' यांत ओठ 'ऊ'चे, आवाज 'ई'चा.

नाकातले स्वर, म्हणजे 'साँ', 'व्हँ', 'बों', ज्यांच्या घरी मालवणी किंवा कोकणी बोलतात त्यांना चटकन जमतात. शेवटी 'न' किंवा 'म' असा स्पष्ट उच्चारायचा नाही, नाकातच सोडून द्यायचा. शब्दाच्या शेवटी लिहिलेली अक्षरं बहुतेक वेळा बोलत नाहीत, म्हणून पाटी वाचून उच्चार ठरवू नका. आधी कानाने शिका.

१. घरातून निघताना जवळ काय असावं

- कापडी पिशवी, शक्यतो दोन. काउंटरवर फुकट मिळणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर फ्रान्समध्ये जुलै २०१६ पासून बंदी आहे. पिशवी विकत घ्यावी लागते.
- एक युरोचं नाणं किंवा 'जतों', म्हणजे नाण्याच्या आकाराची चकती. मोठ्या दुकानातली ढकलगाडी साखळीने बांधलेली असते, नाणं घातलं की सुटते आणि गाडी परत लावली की नाणं परत मिळतं.
- बँकेचं कार्ड. कार्ड भारतातलं असेल तर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही सोयी बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून घ्या.
- पाच, दहा, वीसच्या नोटा आणि थोडी चिल्लर. शंभर-दोनशेच्या नोटा छोटी दुकानं बऱ्याचदा घेत नाहीत.
- खिशात मावेल एवढी वही आणि पेन. आकडा कळला नाही की हीच कामाला येते.

यूपीआयच्या भरवशावर येऊ नका. आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी २०२४ मध्ये ते सुरू झालं, पण कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे त्याचा उपयोग नाही.

वेळ बघूनही निघा. छोटी दुकानं दुपारी बारा ते दोन बंद असू शकतात, बरीचशी सोमवारीही. रविवारी दुपारी एकनंतर मोठी सुपरमार्केटं उघडी असली तरी अनेक ठिकाणी माणसं नसतात, फक्त आपलं आपण बिल करायची यंत्रं चालू असतात. नवख्या माणसाने पहिली खरेदी अशा वेळी करू नये.

२. दारातून आत शिरताना

पहिला शब्द 'बोंजूर'. समोर बाई असेल तर 'बोंजूर मादाम', पुरुष असेल तर 'बोंजूर मस्यो'. संध्याकाळी सहाच्या सुमारापासून 'बोंस्वार'.

हा शब्द गाळू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. आपल्याकडे दुकानात शिरल्या शिरल्या 'अर्धा किलो साखर द्या' म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. इथे 'बोंजूर'शिवाय काही विचारणं म्हणजे समोरच्याला माणसात न धरणं. फ्रेंच लोक तुसडे असतात अशी तक्रार नव्याने आलेल्यांकडून मी खूप ऐकली आहे. त्यातल्या कित्येकांनी थेट 'हे कुठे मिळेल?' असं इंग्रजीतून विचारलेलं असतं. आधी 'बोंजूर मादाम' म्हणा, तिला उत्तर देऊ द्या, मग इंग्रजीत विचारलंत तरी ती मदत करते. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला, डॉक्टरकडे बसलेल्या पेशंटांना, बेकरीत आधीच रांगेत असलेल्यांना, सगळीकडे हा शब्द चालतो.

फक्त बघायला आला असाल आणि कुणी 'ज पो वू-झेदे?', म्हणजे 'मदत करू का?', असं विचारलं तर:

'नों मेर्सी, ज रगार्द.' (नको, धन्यवाद, बघते आहे.)

निघताना काहीही घेतलं नसलं तरी 'ओ रव्वार, बॉन जुर्ने'. संध्याकाळी 'बॉन स्वारे'.

३. हवं ते मागणं

'ज वूद्रे...' म्हणजे 'मला... हवं होतं'. याच्यापुढे वस्तूचं नाव आणि शेवटी 'सिल वू प्ले', एवढं झालं की वाक्य पूर्ण. 'ज वो' म्हणजे नुसतं 'मला पाहिजे', ते कानाला उद्धट लागतं.

'ज शेर्श...' : मी... शोधते आहे.
'वू-झावे...?' : तुमच्याकडे... आहे का?
'से कोंबियँ?' : केवढ्याला?

बेकरीत 'बागेत' नावाच्या साध्या लांब पावाऐवजी 'युन त्रादिस्यों' मागा. साधारण वीस-तीस सेंट जास्त पडतात, पण १९९३ च्या सरकारी नियमानुसार त्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण याखेरीज वरचे रासायनिक घटक घालता येत नाहीत. चवीत फरक कळतो. 'ब्यँ क्वीत' म्हटलं तर खरपूस भाजलेला देतात, 'पा त्रो क्वीत' म्हटलं तर मऊसर.

उघड्यावरचा भाजीबाजार, म्हणजे 'मार्शे', हा माझा सर्वांत आवडता भाग. लियोंमध्ये क्र्वा-रूसच्या टेकडीवरचा बाजार सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. तिथे रांग डोळ्यांना दिसत नाही, पण सगळ्यांना आपला नंबर ठाऊक असतो. विक्रेता ओरडतो 'से-ता की?' किंवा 'आ की ल तूर?', म्हणजे 'कुणाचा नंबर?' तुमचा असेल तर 'से-ता म्वा', माझा. गप्प राहिलात तर तो पुढच्याकडे वळतो.

भाजीला स्वतः हात लावू नका. काही ठिकाणी टोपली देतात आणि निवडू देतात, पण ते बघून ठरवा. टोमॅटो दाबून बघायची आपली सवय इथे चालत नाही.

मापं अशी मागा: 'अं किलो द...' एक किलो, 'युन लिव्र द...' अर्धा किलो, 'साँ ग्राम' शंभर ग्रॅम, 'युन बॉत द...' एक जुडी, 'युन त्राँश' एक काप. 'लिव्र'ने गोंधळू नका, बाजारात ते पाचशे ग्रॅमचंच माप आहे.

एक वस्तू दिली की विक्रेता विचारतो 'ए आवेक ससी?' शब्दशः 'आणि याच्याबरोबर?', म्हणजे 'अजून काय देऊ?' आणखी हवं असेल तर पुढची वस्तू सांगा. झालं असेल तर 'से तू, मेर्सी'. मागोमाग 'स सरा तू?', म्हणजे 'एवढंच ना?', असा प्रश्न आला तर 'वी, मेर्सी'.

बोटाने संख्या दाखवताना फ्रेंच माणूस अंगठ्यापासून मोजतो. अंगठा म्हणजे एक, अंगठा आणि तर्जनी म्हणजे दोन. तुम्ही नुसती तर्जनी उभी केलीत तर गोंगाटात तिचे दोनही समजले जाऊ शकतात. एक हवं असेल तर अंगठा दाखवा.

आणि कोथिंबीर. तिला 'कोरियाँद्र' म्हणतात. तिच्याच शेजारी 'पेर्सी'ची जुडी असते, पानं जवळपास तशीच. मी ती घरी आणून पोह्यांवर चिरून घातली आणि पहिल्या घासाला कळलं की ही कोथिंबीर नव्हे. त्यानंतर मी नाव घेऊन मागते आणि जुडी हातात आली की आधी वास घेते.

४. आकडे कानाने ओळखणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वस्तू बोट दाखवून घेता येते, किंमत मात्र ऐकावीच लागते.

किंमत बोलताना 'युरो' मध्ये येतो: ३,५० म्हणजे 'त्र्वा-झोरो सँकाँत'. घाईत 'युरो' गाळून नुसतं 'त्र्वा सँकाँत' म्हणतात. लिहिताना टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो. हाताने लिहिलेल्या पाट्यांवर एकच्या आकड्याला वर लांब शेपूट असतं आणि तो आपल्याला सातासारखा दिसतो. खऱ्या साताच्या मधोमध आडवी रेघ असते. रेघ नसेल तर तो एक समजा.

पहिला सापळा शब्द जुळण्याचा. 'युरो' स्वराने सुरू होतो, इथे त्याचा उच्चार 'ओरो'च्या जवळ जातो. त्याच्या आधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर, एरवी मुकं असलं तरी, 'झ' होऊन त्याला चिकटतं. म्हणून:

- २ युरो: 'दो-झोरो', १२ युरो: 'दू-झोरो'
- ३ युरो: 'त्र्वा-झोरो', १३ युरो: 'त्रे-झोरो'
- ६ युरो: 'सी-झोरो', १६ युरो: 'से-झोरो'

मोठ्याने म्हणून बघा, फरक एका स्वराचा आहे. बाजारात कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेतल्या, विक्रेता 'दो-झोरो' म्हणाला, मी दहाची नोट आणि दोनचं नाणं पुढे केलं. त्याने नोट माझ्याकडे सरकवली, नाणं उचललं आणि अंगठा-तर्जनी दाखवून सावकाश पुन्हा सांगितलं, 'दो'. घरी येऊन मी या सहा किमती कागदावर लिहिल्या आणि रोज भांडी घासताना म्हणायला लागले. तुम्हीही तसंच करा. दोनला गोल ओठांतला 'ओ-ए', बाराला लांब सरळ 'ऊ', हे एकदा कानात बसलं की मग चूक होत नाही.

दुसरा सापळा सत्तरच्या पुढचा. साठापर्यंत गाडी नीट चालते: 'व्हँ' वीस, 'त्राँत' तीस, 'काराँत' चाळीस, 'सँकाँत' पन्नास, 'स्वासाँत' साठ. पुढे सत्तर म्हणजे 'स्वासाँत-दीस', साठ-दहा. पंच्याहत्तर 'स्वासाँत-कँझ', साठ-पंधरा. ऐंशी म्हणजे 'कात्र-व्हँ', चार-वीस. नव्वद 'कात्र-व्हँ-दीस', चार-वीस-दहा. आपल्याकडे खेड्यातली जुनी माणसं विसांनी मोजायची, चार विसा म्हणजे ऐंशी. अगदी तेच. माझ्या आईला हे क्लासशिवाय कळलं, कारण तिची आजी अंडी अशीच मोजायची.

अडचण होते ती किमतीत. ३,९५ म्हणजे 'त्र्वा कात्र-व्हँ-कँझ'. आपल्या कानाला ऐकू येतं: तीन, चार, वीस, पंधरा. म्हणून नियम असा करा की 'कात्र'च्या लगेच पाठीमागे 'व्हँ' आलं की तो चार नाही, ऐंशी सुरू झाली. आणि 'स्वासाँत' ऐकल्यावर लगेच साठ धरू नका, पुढचा शब्द येईपर्यंत थांबा.

जिनिव्हाला किंवा ब्रसेल्सला गेलात तर तिथे सत्तरला 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' म्हणतात, ते सोपं आहे. पण फ्रान्समध्ये ते रूढ नाही.

आकडा कळला नाही तर:

'पार्दों, वू पुवे रेपेते?' : माफ करा, पुन्हा सांगाल का?
'प्ल्यू लाँतमाँ, सिल वू प्ले.' : जरा सावकाश.
'वू पुवे लेक्रीर?' : लिहून द्याल का? (इथे वही पुढे करायची.)

न कळता मोठी नोट पुढे करून सुटका करून घेऊ नका. मी बराच काळ तेच करत होते. त्याने आकडे शिकायचे राहतात आणि पाकिटात सेंटची नाणी साठत जातात.

५. काउंटरवरचे प्रश्न, येतात त्या क्रमाने

सुपरमार्केटमध्ये फळं-भाज्या आधी वजन करायच्या की काउंटरवर, हे दुकानागणिक बदलतं. भाजीच्या विभागात चित्रांचा पडदा असलेला काटा दिसला तर पिशवी त्यावर ठेवा, फळाचं चित्र दाबा, निघालेली चिकटपट्टी, म्हणजे 'एतिकेत', पिशवीवर लावा. हे राहिलं तर काउंटरवरून परत जावं लागतं आणि रांग खोळंबते.

सरकत्या पट्ट्यावर सामान मांडलं की आपल्या मागे दांडी ठेवायची, म्हणजे पुढच्याचं सामान मिसळत नाही. मग:

पहिला प्रश्न, 'बोंजूर' झाल्यावर: 'वू-झावे ला कार्त द फिदेलिते?' किंवा 'ला कार्त द्यु मागाझँ?' दुकानाचं सवलतीचं कार्ड आहे का? नसेल तर 'नों'. पैसे देण्याच्या कार्डाशी याचा काही संबंध नाही. माझी चूक हीच झाली होती.

दुसरा: 'वू वुले अं साक?' पिशवी हवी का? 'नों मेर्सी, जे मों साक', माझी आहे. स्वतःची पिशवी आत नेली असेल तर ती उघडून दाखवायला सांगतात. तो संशय नाही, ती पद्धत आहे.

तिसरा, एकूण रक्कम सांगून झाल्यावर: 'वू रेग्ले कोमाँ?' कसे देणार? उत्तर 'पार कार्त' किंवा 'आँ-नेस्पेस', रोख. रोखीला बोलताना 'आँ लिकिद'ही म्हणतात. अजूनही कुणी 'पार शेक', म्हणजे चेकने, देताना दिसेल. पुस्तकातला 'पेये' शब्द काउंटरवर कमी ऐकू येतो आणि 'रेग्ले' जास्त, हे मला कुठल्याच क्लासने सांगितलं नव्हतं.

चौथा, रोख दिलेत तर: 'वू-झावे ला मोने?' किंवा 'वू-झावे लाप्वँ?' इथे 'मोने' म्हणजे पैसे नव्हे, सुटे. आणि 'लाप्वँ' म्हणजे नेमकी रक्कम. नसतील तर 'देझोले, ज ने पा द मोने'. फ्रेंच कायद्याप्रमाणे नेमकी रक्कम देणं ही गिऱ्हाइकाची जबाबदारी आहे, म्हणून पाव घ्यायला पन्नासची नोट काढू नका. उलट साठलेली चिल्लर एकदम ओतायचीही सोय नाही. एका वेळी पन्नासहून जास्त नाणी घ्यायला दुकानदार नकार देऊ शकतो. नाण्याला 'प्येस' म्हणतात, नोटेला 'बिये'.

पाचवा: 'ल तिके?' पावती हवी का? १ ऑगस्ट २०२३ पासून पावती आपोआप छापून देत नाहीत, मागावी लागते. 'वी, ल तिके, सिल वू प्ले.' पहिले काही महिने तरी प्रत्येक वेळी मागा आणि घरी जाऊन वाचा. भाज्यांची नावं, किमती, सगळं त्यावर असतं. माझं बरंचसं फ्रेंच पावत्यांवरून झालं.

भेटवस्तूंच्या, पुस्तकांच्या, चॉकलेटच्या दुकानात एक वेगळा प्रश्न येतो: 'से पूर ओफ्रीर?' कुणाला द्यायला आहे का? 'वी' म्हटलंत तर बऱ्याच ठिकाणी सुंदर कागदात बांधून देतात, वेगळे पैसे न घेता.

रेस्टॉरंटात बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत: 'लादिस्यों, सिल वू प्ले'. सेवेचे पैसे किमतीत धरलेलेच असतात. साधं पाणी फुकट मिळतं, पण 'युन काराफ दो' असं मागावं लागतं. नुसतं 'द लो', म्हणजे पाणी, म्हटलंत तर विकतची बाटली येऊ शकते.

६. कार्ड आणि यंत्र

पन्नास युरोपर्यंत कार्ड नुसतं टेकवून चालतं. त्याला 'साँ कोंताक्त' म्हणतात. विक्रेता 'साँ कोंताक्त?' विचारतो, 'वी' म्हणा. त्यापुढच्या रकमेला सहसा कार्ड आत घालून चार आकड्यांचा 'कोद', म्हणजे पिन, द्यावा लागतो: 'तापे वोत्र कोद'. पडद्यावर 'रतिरे' दिसेपर्यंत कार्ड ओढू नका. 'रफ्युझे' म्हणजे नाकारलं. तेव्हा घाबरू नका: 'ज पो रेएसेये?', पुन्हा करून बघू का?

छोट्या दुकानांत कार्डासाठी किमान रकमेची पाटी असते, 'कार्त'च्या पुढे अमुक युरो. ती आधीच वाचा. दिसली नाही तर 'ज पो पेये पार कार्त?' असं विचारूनच पाव बांधायला सांगा.

भारतीय कार्ड वापरताना यंत्र कधी कधी विचारतं, रुपयांत की युरोत? युरोच निवडा. रुपयांत घेतलं तर दर यंत्रवाल्याचा लागतो, आणि तो बहुतेक वेळा महागच पडतो.

७. डब्यावरचे शब्द

शाकाहारी घरांसाठी हा भाग थोडा सविस्तर देते, कारण फ्रान्समध्ये पाकिटावर आपल्यासारखी हिरवी-तपकिरी खूण नसते. घटकांची यादी वाचावीच लागते. हे शब्द ओळखा: 'लार्दों' आणि 'जाँबों' डुकराचं मांस, 'सँदू' डुकराची चरबी, 'आँश्वा' एक मासा, 'जेलातीन' जनावरापासून काढलेलं, गोळ्या-चॉकलेटांत आणि काही दह्यांतही असतं, 'बुयों द वोलाय' कोंबडीचं पाणी. एक अंडं 'अफ', अनेक अंडी नुसतं 'ओ'. 'प्रेझ्युर' म्हणजे दूध फाडायला वापरतात ते वासराच्या पोटातलं विरजण. बऱ्याचशा चीजमध्ये ते असतं.

विचारायचं असेल तर 'साँ व्याँद, साँ प्वासों?', मांस नाही, मासे नाहीत ना? दोन्ही वेगवेगळं विचारा. 'व्याँद' म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात मासे येतातच असं नाही.

दुधाच्या झाकणाचा रंग लक्षात ठेवा: लाल म्हणजे 'आँतिए', पूर्ण सायीचं, निळं म्हणजे अर्धी साय काढलेलं, हिरवं म्हणजे बिनसायीचं. दही लावायला लाल. लोणी 'दू' म्हणजे बिनमिठाचं, तूप कढवायला हेच. 'दमी-सेल' म्हणजे मीठ घातलेलं. 'फ्रोमाज ब्लाँ' फडक्यात बांधून ठेवलं तर श्रीखंडाचा चक्का होतो. 'लाँतीय कोराय' म्हणजे मसूर डाळ, 'प्वा शीश' छोले, त्यांचं पीठ म्हणजे बेसन, 'समूल फीन' बारीक रवा, 'फारीन कोंप्लेत' कोंड्यासकट गव्हाचं पीठ, पोळ्यांना त्यातल्या त्यात बरं.

तारखांमध्येही फरक आहे. 'आ कोंसोमे जुस्को' म्हणजे या तारखेनंतर खाऊ नका. 'द प्रेफेराँस आवाँ' म्हणजे शक्यतो या तारखेआधी, नंतर चव उतरते पण लगेच टाकायची गरज नाही.

औषधं सुपरमार्केटमध्ये मिळत नाहीत, साधी तापाची गोळीसुद्धा. हिरव्या क्रॉसचं दुकान शोधा, 'फार्मासी'. तिथे 'जे माल आ...' म्हणून अवयव दाखवा, 'जे माल आ ला गोर्ज' घसा, 'आ ला तेत' डोकं. औषधाच्या दुकानातली माणसं वेळ देऊन ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

८. वस्तू परत करायची असेल तर

दुकानातून घेतलेली वस्तू नुसती आवडली नाही म्हणून परत घेण्याचं कायद्याचं बंधन दुकानदारावर नाही. बरीच दुकानं घेतात, पण त्यांच्या अटीवर, म्हणून अट पैसे देण्याआधी विचारा: 'ज पो एशाँजे?', बदलून मिळेल का? ऑनलाइन खरेदीला मात्र चौदा दिवसांची मुदत असते. वस्तू बिघडलेली निघाली तर नव्या वस्तूवर दोन वर्षांची कायदेशीर हमी आहे: 'सा न मार्श पा', चालत नाही, एवढं म्हणून पावती पुढे करा.

तीन शब्दांत फरक करा. 'एशाँज' बदलून देणं. 'राँबुर्समाँ' पैसे परत. 'आव्वार' म्हणजे तेवढ्याच रकमेची चिठ्ठी, त्याच दुकानात खर्च करायची. मी थंडीचा कोट परत केला तेव्हा बाईंनी 'आव्वार' म्हटलं, मी मान हलवली आणि हातात पैशांऐवजी मुदतीची चिठ्ठी आली. त्या दुकानात मला हवं असं दुसरं काही नव्हतं.

मोठी सवलत, 'सोल्द', वर्षातून दोनदा असते, जानेवारीत आणि जूनच्या अखेरीपासून, प्रत्येकी चार आठवडे. तारखा सरकारच ठरवतं, काही सीमावर्ती भागांत त्या वेगळ्या असतात. थंडीचे कपडे डिसेंबरात गडबडीने न घेता दोन-तीन आठवडे कळ काढता आली तर काढा.

९. फ्रीजवरची चिठ्ठी

आई तीन महिने राहायला आली तेव्हा तिला एकटीने बाहेर पडायचा धीर होईना. मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत सहा ओळी लिहून फ्रीजला लावल्या आणि आम्ही चहा पिताना त्या म्हणायचो, मी विक्रेती, ती गिऱ्हाईक. पाचव्या दिवशी ती एकटी बेकरीत गेली. दोन आठवड्यांनी तिच्याबरोबर मी गेले तर बेकरीतल्या बाईंनी तिला बघताच भाजलेल्या पावांतला सगळ्यात खरपूस पाव काढला. भाकरी थोडी करपलेली आवडते ना, तसा. चिठ्ठी ही अशी होती, उतरवून घ्या:

बोंजूर मादाम.
युन त्रादिस्यों ब्यँ क्वीत, सिल वू प्ले.
से तू, मेर्सी.
पार कार्त, साँ कोंताक्त.
ल तिके, सिल वू प्ले.
मेर्सी, बॉन जुर्ने, ओ रव्वार.